प्रत्येकी एक

पॅरिटी वसाहत, मोहावी वाळवंट
१४ जून १९१६

प्रिय टॅबी,

काल तार केली. तारेत एवढंच मावलं की तुझा निल्स गेला. उरलेलं इथे लिहितो. बाळंतपणाच्या अंथरुणात असशील तर बसून वाच, आणि मावशीला जवळ बसवून घे.

रविवारी दुपारनंतर हे झालं, आणि पाण्यावरून झालं. ओढ्याच्या वरच्या अंगाला यंदा एका बास्क मेंढपाळाचा कळप उतरला होता. इनासिओ एत्चार्त नाव त्याचं. चारशे मेंढ्या, एक गाढव, इंग्रजीचे मोजून वीस शब्द. निल्स आपला पाटकरी, पाटाचं दार त्याच्या ताब्यात. दारावरून दोघांचं वाजलं असणार. संध्याकाळी शेरीफच्या माणसांना तो मेंढपाळ गावाच्या रस्त्यावर सापडला. गाढवावर निल्स आडवा टाकलेला आणि ह्याचा सदरा रक्ताने भिजलेला. निल्सचा जीव तोवर गेला होता.

मी त्या दिवशी गावात बियाणं आणायला गेलो होतो. इथे असतो तर, हा विचार मला सोडत नाही.

मुलगी झाल्याचं तुझं पत्र सोमवारी पोचलं. एक दिवस उशिरा.

एक विनंती आहे. प्रेत लॉस एंजेलिसला मागवू नकोस. उन्हाळा कडक आहे, रेल्वेचे लोक बेफिकीर. त्याने स्वतः लावलेल्या नासपतीच्या बागेत त्याला ठेवू दे. आठव तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी: आपण नऊ माणसं, दोन तंबू, एक फुटकी किटली. लोक म्हणाले, वाळवंटात माणुसकी पेरायला निघालेत वेडे. ‘बरोबरीचं गाव ना, मग नावच पॅरिटी ठेवा,’ असं तू म्हणालीस. आज इथे शाळा आहे, छापखाना आहे, दीडशे एकर लसूणघास आहे आणि कोणी कोणाचा मालक नाही. आपल्या बापाला खाणमालकाच्या पहारेकऱ्यांनी गोळी घातली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, मी सतरा. त्या दिवसाचं उत्तर म्हणजे हे गाव. निल्स त्या उत्तरासाठी गेला, एवढं मनाशी धर.

तुझा भाऊ,
लेम्युएल


पॅरिटी
९ जुलै १९१६

टॅबी,

तू ऐकलं नाहीस. प्रेत मागवलंस, आणि वर स्वतःच्या हाताने धुतलंस. ओल्या बाळंतिणीने हे करायचं असतं का?

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू लिहितेस, पाठ मानेपासून मांड्यांपर्यंत सोललेली होती. वळ बोटाएवढे बारीक होते, शंभरानंतर मोजता आले नाहीत, कारण एकावर एक पडलेले. आणि तू लिहितेस, ‘मी लहानपणापासून सतरंज्या झोडपल्यात, लेम. एका माणसाचा हात एकाच तिरपेने पडतो. हे वळ डावे आहेत, उजवे आहेत, वरून आहेत, खालून आहेत. काही तर इतके खाली, की मारणारा निल्सच्या खांद्यालाही पुरत नसावा. तो मेंढपाळ किती हातांचा आहे?’

सरकारी डॉक्टरने ‘काठीने मारहाण’ एवढ्या दोन शब्दांत काम उरकलं. तुला मात्र सगळं दिसलं.

मी गावात गेलो नव्हतो. हे आधी सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय सांगता येणार नाही. मी इथेच होतो. सभागृहात. आम्ही सगळेच होतो.

निल्सने वसाहतीचा नियम मोडला होता. बाहेरच्याला पाणी द्यायचं तर सभेचं मत लागतं, हे तुला माहीत आहे; तूही त्या ठरावाला हात वर केला होतास. मे महिन्यात शेजारच्या गुरांच्या मळेवाल्यांनी वरचा ओढा वळवला. आपल्या बागेची पानं जूनच्या आरंभालाच गळायला लागली. वेनिफ्रेड को, आपली बेकरीवाली, पिठात मिसळायचं पाणी वाटीने मापत होती. अशा वेळी निल्सने शुक्रवारी दोन तास दार उघडलं. त्या मेंढ्यांसाठी.

सभेने त्याला शिक्षा दिली. शिक्षा झाल्यावर तो जिवंत होता. ओढ्याकाठच्या झाडाखाली त्याला निजवलं होतं. मेंढपाळाने त्याला तिथून उचललं. पुढे काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही.

शिक्षा काय होती ते विचारू नकोस. एवढंच धर की ती सर्वांनी मिळून ठरवली आणि कोणाही एकाच्या मनात पाप नव्हतं.

लेम


पॅरिटी
२७ ऑगस्ट १९१६

टॅबी,

खटल्याचा निकाल तू वर्तमानपत्रात वाचलास. फाशी, २० ऑक्टोबर, शुक्रवार. माझी साक्षही वाचलीस. ‘तुझ्या जिभेला फोड कसे आले नाहीत?’ असं विचारतेस.

साक्षीत मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. ‘रविवारी दुपारी तुम्ही वसाहतीचे लोक कुठे होता?’ ‘सभागृहात, सगळेच्या सगळे.’ हे खरंच होतं. मेंढपाळाला दुभाषी दिला होता तो मेक्सिकोतल्या सोनोराचा, त्याला बास्क भाषेचा गंध नाही. इनासिओ हाताने पाठीकडे दाखवून काहीतरी पुनःपुन्हा सांगत होता. दुभाष्याने भाषांतर केलं, ‘मी त्याला पाठीवर घेतलं.’ लोक हसले. मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूचं लिहून ठेव.

तुला शिक्षा जाणून घ्यायची आहे. घे.

सभेत निल्सने काही लपवलं नाही. हातातली टोपी फिरवत उभा राहिला. आपला चांभार, म्हातारा ऑगस्ट प्लम, ओरडला, “मतदान का मागितलं नाहीस?”

निल्स म्हणाला, “कॉम्रेड, सभा रविवारी. मेंढ्या शुक्रवारीच मरत होत्या. त्यांना म्हटलं दोन दिवस थांबा, ठराव येतोय. ऐकेचनात.”

अर्धं सभागृह हसलं. ज्यांच्या वाफ्यातली भाजी जळाली होती ते हसले नाहीत.

“आमची पोरं नासलेलं पाणी पितायत आणि हा मस्करी करतोय!”

“हाकला ह्याला. आजच्या आज.”

हकालपट्टीचा ठराव पुढे आला, अनुमोदनही मिळालं. टॅबी, हकालपट्टी कुटुंबाची होते. तू आणि पोटातलं पोर, दोघंही गेला असतात. मी वाचवायला उठलो. देवाशपथ म्हटलं असतं, पण देव मी मानत नाही; बापाच्या रक्ताची शपथ. मी म्हणालो, आपला माणूस फेकून देणं ही मालकांची रीत आहे. आपण त्याला शिक्षा करू आणि ठेवून घेऊ. पण शिक्षा करणारा एक हात कोणाचा असणार? ज्याच्या हाती चाबूक तो उद्याचा मुकादम. म्हणून शिक्षा सर्वांनी करायची. विलोच्या झाडाची ओली फोक, प्रत्येकी एक फटका. पुरुष, बाई, म्हातारा, कोणी सुटणार नाही, कोणी दोनदा मारणार नाही.

टाळ्या पडल्या. केवढं न्याय्य वाटलं ते! निल्सनेसुद्धा हात वर केला. माझ्याकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, “एकेक? हरकत नाही. डासांची सवय आहे मला.”

सभेला त्या दिवशी निल्स सोडून आम्ही एकशे एकतीस होतो. आमच्यात दोन शिक्षक होते, एक मोजणीदार होता, कोठीचा हिशेब बघणारा होता. गुणाकार कोणीही केला नाही. प्रत्येकाने आपलाच एक फटका डोळ्यांपुढे आणला, आणि एक फटका म्हणजे काय मोठं?

आता कळलं. आता पुरे कर.

लेम


पॅरिटी
१७ सप्टेंबर १९१६

टॅबी,

‘पहिला कोणी मारला, आणि मरतोय हे दिसल्यावर थांबलं कोण?’ एवढीच ओळ पाठवलीस. नमस्कार नाही, सही नाही.

पहिला मी मारला. ठराव माझा, म्हणून सुरुवात माझी. हलकेच मारला. त्याला वाळलेल्या नासपतीच्या खोक्यांवर पालथा बांधला होता. तो म्हणाला, “लेम, ह्याहून जोरात तर तुझी बहीण मला उठवते.” रांगेतले लोक हसले. पहिले वीस-पंचवीस फटके तसेच होते, गंमतीत. लाजत यायचे, टेकवायचे, जायचे.

मग कोणीतरी जोरात मारला. बहुधा डेलबर्ट स्नीड, सुतार. त्याचं तान्हं पोर त्याच आठवड्यात हगवणीने गेलं होतं. कातडी फुटली. त्याच्या मागची बाई पुन्हा हलकेच टेकवायला गेली तर रांगेतून आवाज आला, “ही कसली बरोबरी? त्याने मारला तेवढा तूही मार.” तिने मारला. इथे तुला आमचं सगळं गाव एका वाक्यात सांगतो: हलका मारणारा लबाड ठरला. फटक्यांचीसुद्धा बरोबरी करायची म्हणून प्रत्येक जण आधीच्याच्या तोडीस तोड हात उचलू लागला. फोक मोडली की दुसरी काढायची. पाच मोडल्या.

निल्स आधी दात खाऊन होता, मग ओरडू लागला, मग स्वीडिश बोलू लागला. ते कोणाला कळत नव्हतं, त्यामुळे मारणं सोपं झालं. पायाखालची जमीन ओली झाली, आणि त्या कोरड्या मातीने ते ओलं कसं चटकन पिऊन टाकलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तू विचारतेस, थांबलं कोण. थांबली वेनिफ्रेड. तिचा अडुसष्टावा. तिने फोक खाली टाकली आणि म्हणाली, “मी नाही. हा माणूस पांढरा पडलाय. सोडा त्याला, नालायकांनो, हा आपला निल्स आहे!” ती रडत होती. रांग मोडली. दोघं-तिघं दोर सोडायला पुढे झाले. तेवढ्यावर थांबलं असतं तर तो जगला असता. हे मला डॉक्टरने सांगायला नको, मला माहीत आहे.

आता जे लिहितो ते कोणाला सांगितलेलं नाही.

मी बाकावर चढलो. मी बोललो. पाव तास बोललो असेन. ज्यांनी मारलं त्यांचे हात मळले आणि उरलेल्यांचे स्वच्छ राहिले, तर उद्या ह्या गावात दोन जाती होतील, असं मी म्हणालो. एक दोषी, एक पवित्र. पवित्र लोक दोषींवर राज्य करतील. आपण वाळवंटात आलो ते हेच मोडायला. ओझं वाटून घ्यायचं, म्हणजे नको असलेलं ओझंही वाटून घ्यायचं. दया ही श्रीमंतांची चैन आहे, आपली ताकद म्हणजे शब्द पाळणं. मी खाणकामगारांच्या संपात बोललो आहे, बंदरावर बोललो आहे, पाच हजार माणसं उन्हात उभी करून बोललो आहे. असं मी कधीच बोललो नव्हतो. एकेक शब्द जागच्या जागी पडत होता. निल्स चार हातांच्या अंतरावर बांधलेला होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

रांग पुन्हा लागली. वेनिफ्रेडनेही फोक उचलली आणि तिचा एक मारला. नंतरचे त्रेसष्ट जण रडत रडत मारत होते, आणि रडणारा माणूस फार जोरात मारतो.

संध्याकाळी त्याला झाडाखाली ठेवून आम्ही जेवायला गेलो. कारण घंटा झाली होती. परत गेलो तर तो नव्हता. मेंढपाळ त्याला डॉक्टरकडे नेत होता. एकशे एकतीस माणसांच्या गावात डॉक्टर आठवला तो त्या एकट्याला. पकडल्याची बातमी आली तेव्हा सभा भरली आणि गप्प राहण्याचा ठराव झाला. तो मी मांडला नाही. विरोधही केला नाही.

हे पत्र वाचून जाळ. आपल्या दोघांच्याच नव्हे, शंभर घरांच्या गळ्याचा प्रश्न आहे.

लेम


पॅरिटी
५ ऑक्टोबर १९१६

टॅबी,

अक्षर वाईट आहे, डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची तीन बोटं मोडली आहेत.

तुझ्या एका ओळीने मला झोपू दिलं नाही म्हणून रविवारी मी सभा बोलावली. म्हणालो, तीन आठवड्यांच्या आत एक निरपराध माणूस आपल्या जागी लटकणार आहे. चला, सगळे मिळून जाऊ, एकशे एकतीस जण, तुरुंगाच्या दाराशी उभे राहू. सगळ्यांनी केलं, सगळ्यांनी सांगू. एवढ्यांना कोणता न्यायाधीश फासावर देईल?

ऑगस्ट प्लम उठला. “पुन्हा बाकावर चढलास? मागच्या वेळी तू चढलास तेव्हा मी एक्काहत्तरावा होतो. मी मारणार नव्हतो रे. मी घरी निघालो होतो.”

“खाली उतर, भाषणवाल्या!”

“आम्हाला लटकवून हा साधू होणार!”

मला खाली ओढलं. खुर्चीच्या पायांनी मारलं. ह्या वेळी रांग नव्हती, ठराव नव्हता, ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने मारलं. डेलबर्ट स्नीडने माझा हात उंबऱ्यावर धरून त्यावर टाच दिली. “हाच हात उगारून बोलतोस ना?” तिथून ते छापखान्यात गेले. अक्षरांचे खिळे ओढ्यात ओतले, यंत्रावर घण घातले. हे कळताच मळेवाल्यांचे घोडेस्वार मंगळवारी भर दुपारी आले आणि लसूणघासीच्या गंजींना आग लावून गेले. कोणी विझवायला धावलं नाही. लोक गाड्या भरत होते. खिडक्यांच्या काचा, दारांच्या बिजागऱ्यासुद्धा उपटून नेल्या. एका बिजागरीवरून दोन भावांनी एकमेकांची डोकी फोडली. आज इथे सतरा माणसं आहेत. वेनिफ्रेड आहे, तीच मला भरवते.

तू विचारशील, मग अजून गावात शेरीफकडे गेला का नाहीस? चालता येतं ना? येतं.

ऐक. माझ्या एकट्याच्या सांगण्याने तो सुटेल का? साक्षीपुरावा लागतो. बाकीचे नाकबूल होतील. आणि गेलो तर उद्या प्रत्येक खाणमालकाचं वर्तमानपत्र छापेल: बघा, बरोबरी मागणारे काय करतात. तीस वर्षांची चळवळ एका मथळ्याखाली चिरडली जाईल. कल्पना चुकीची नव्हती, टॅबी. मी आजही ती कुठल्याही चौकात मांडीन. माणसं अपुरी पडली. मी अपुरा पडलो. एका मेंढपाळाचा जीव आणि येणाऱ्या लाखोंचं भविष्य हे तराजूत घालायला मला भीती वाटते, पण कोणीतरी घालायलाच हवं. मला दहा-बारा तारखेपर्यंत वेळ दे. ताप उतरू दे. मग ठरवतो.

हेही जाळ.

लेम


लॉस एंजेलिस
१६ ऑक्टोबर १९१६

लेम,

बारा तारीख गेली. तू आला नाहीस.

तेरा तारखेला मुलीला कडेवर घेऊन मी न्यायाधीशांच्या घरी गेले. सोबत तुझी पाचही पत्रं होती. त्यांनी ठेवून जा म्हटलं. मी म्हटलं नाही, मी वाचते, तुम्ही ऐका. त्यांच्या बायकोने मुलीला घेतलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तुझ्यासारखं मला वाचता येत नाही. कुठे आवाज चढवायचा ते कळत नाही. मी बाजाराची यादी वाचावी तसं वाचलं. ते बाकावरचं भाषणसुद्धा. तसं वाचलं की त्यात काहीच राहत नाही, लेम. ती न्यायाधीशांची बायको म्हणाली, “एवढ्यावर लोक पुन्हा रांगेत उभे राहिले?”

न्यायाधीशांनी विचारलं, ह्यातलं खरं किती? मी म्हटलं, प्रत्येक पत्रात आधीच्यातलं खोटं त्याने स्वतःच दाखवून दिलंय. शेवटच्यातलं अजून दाखवायचं राहिलंय.

शुक्रवारची फाशी थांबली आहे. काल एका बास्क पाद्र्याला घेऊन मी इनासिओला भेटले. त्याने निल्सच्या तोंडात चिंधी पिळून पाणी पाजलं. अर्ध्या वाटेपर्यंत निल्स बोलत होता. काय, ते त्याला कळलं नाही, पण एक शब्द पुनःपुन्हा आला म्हणून त्याने पाठ करून ठेवला होता. मला म्हणून दाखवला. ‘बार्नेत’. स्वीडिशमध्ये म्हणजे मूल. चार महिने त्या माणसाने तो शब्द तुरुंगात जपून ठेवला, कोणाला तरी द्यायचा म्हणून.

तू माझ्यासाठी उठलास हे मी मानते. मला वाचवायलाच तू तो ठराव मांडलास. पण दुसऱ्यांदा बाकावर चढलास तो माझ्यासाठी नाही. तेव्हा लोक थांबले होते आणि तुला ते सहन झालं नाही.

न्यायाधीशांना आधी एक नाव हवंय. एकशे एकतीस जणांवर खटला चालवायचा की नाही ते पुढे ठरेल. मी तुझं दिलं. वेनिफ्रेडचं दिलं नाही, प्लमचं नाही, सुताराचंही नाही. त्यांची पत्रं माझ्याकडे आलेली नाहीत.

शेरीफ गुरुवारी सकाळी निघणार आहे. हे पत्र बुधवारी दुपारच्या टपालाने तुला मिळेल. मधला वेळ मी मागून घेतलाय. पळून जाण्यासाठी नाही. शेरीफच्या गावापर्यंत अकरा मैल आहेत, आणि तुला चालता येतं असं तूच लिहिलंयस.

तबिथा एकब्लाड